सहा धावांचा हिशेब

भारतीय क्रिकेटच्या निवड समितीत पाच माणसं असतात, असं कागदावर लिहिलेलं आहे. त्यावर फारसा विश्वास ठेवू नका. मोठी मालिका तोंडावर आली, की या समितीची सभा न्हाव्याच्या दुकानात भरते, लोकलच्या डब्यात भरते, दवाखान्यातल्या बाकावरही भरते. घरच्या लग्नात आचारी कोण ठरवायचा हे ज्यांना कोणी विचारत नाही, ते गृहस्थही इथे अकरा नावं एका दमात सांगतात. बारावं नाव विचारलं तर तेही तयार असतं, आणि पाण्याच्या बाटल्या न्यायला तोच का योग्य, याचं कारणसुद्धा!

हा सगळा रिकामपणाचा उद्योग, असं आपल्याकडे घरोघरी म्हटलं जातं. "तुम्हांला विचारून टीम काढणार आहेत का?" हा प्रश्न किती आयांनी आणि किती बायकांनी विचारला असेल, देव जाणे. नाही, विचारून काढणार नाहीत. तरीही माणसं तावातावाने बोलतात, कारण या वादात क्रिकेट निम्मंच असतं. उरलेला निम्मा वाद वेगळाच असतो. मेहनत कोणी केली, संधी कोणाला मिळाली आणि कोणाला डावललं गेलं, हा तो वाद. ज्याची बढती हुकली आहे, ज्याच्या मुलीचा प्रवेश एका मार्काने गेला आहे, त्याला या प्रश्नाची चव चांगली ठाऊक असते. वगळलेल्या खेळाडूचं नाव तो पोटतिडकीने घेतो ते त्यामुळेच.

पण या पोटतिडकीला एक खोड आहे. ती बहुतेक वेळा आपल्याच गावच्या माणसासाठी उफाळून येते. मुंबई-पुण्यात बसून ही खोड लक्षात येत नाही, कारण इथे सगळेच एका सुरात बोलतात. ती पाहायची तर दुसऱ्याच्या गावात जाऊन बसावं लागतं. म्हैसूर हे त्यासाठी फार चांगलं गाव आहे.

२०२५ चा मे महिना आठवा. इंग्लंडमधली पाच कसोटींची मालिका महिन्याभरावर आली होती. आर. अश्विन डिसेंबरातच निवृत्त झाला होता. ७ मे रोजी रोहित शर्माने कसोटी क्रिकेट सोडल्याचं जाहीर केलं आणि पाचच दिवसांनी विराट कोहलीने. घरातली तीन कर्ती माणसं एकदम उठून गेली तर जे होईल तेच झालं. किल्ल्या कोणाच्या हाती द्यायच्या? बुमराह सर्वांत मोठा गोलंदाज, पण त्याची पाठ पाच कसोटी झेलेल याची खात्री नव्हती. के. एल. राहुल अनुभवी, पण तेहतीस वर्षांचा. ऋषभ पंत हरहुन्नरी, पण कोणत्या क्षणी काय करील ते त्यालाही ठाऊक नसतं. २४ मे रोजी अजित आगरकर यांच्या निवड समितीने संघ जाहीर केला. पंचवीस वर्षांचा शुभमन गिल कर्णधार, पंत उपकर्णधार. मुंबईचे श्रेयस अय्यर आणि सर्फराज खान संघाबाहेर. आणि कर्नाटकात वाढलेला करुण नायर आठ वर्षांनी पुन्हा संघात.

त्या आठवड्यात मी म्हैसूरला होतो. माझ्या मावशीचे यजमान मूळचे बेळगावचे. बँकेच्या नोकरीत बदली होऊन म्हैसूरला आले आणि निवृत्तीनंतर तिथेच राहिले. रोज सकाळी फिरून झाल्यावर सरस्वतीपुरममधल्या एका छोट्या हॉटेलापुढे त्यांचा सहा-सात जणांचा कट्टा जमतो. बहुतेक सगळे निवृत्त. कोणी प्राध्यापक, कोणी वीज मंडळात होते, एकाचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. बोलणं कानडीत, मधूनमधून इंग्रजी. काका मला भाषांतर करून सांगत होते.

"हा मुंबईचा. साप्ताहिकात लिहितो," अशी त्यांनी माझी ओळख करून दिली आणि सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू संघ मीच काढला होता.

दुकानदारांनी पहिला प्रश्न टाकला, "राहुलमध्ये काय कमी होतं? वय? मग करुणचं वय काय आहे? तोही तेहतीसचाच. एकाला वय आडवं येतं आणि दुसऱ्याला येत नाही?"

प्राध्यापक म्हणाले, "खेळवायला वय लागत नाही. कर्णधार करायला लागतं. कर्णधार पाच-सात वर्षांसाठी बघतात."

"म्हणजे तुम्हांला गिल पसंत आहे?"

"मी तसं म्हटलं नाही. निवड करणाऱ्याने काय विचार केला असेल ते सांगितलं."

मग गाडी करुणवर आली. तिथे मात्र कट्ट्यावर एकमत होतं. करुण बंगळुरूचा खरा, पण म्हैसूरकर त्याला आपला समजतात. कर्नाटकातल्या महाराजा ट्रॉफी ट्वेंटी-ट्वेंटी स्पर्धेत तो म्हैसूर वॉरियर्सचा कर्णधार होता आणि २०२४ साली त्याने म्हैसूरला अजिंक्यपद मिळवून दिलं. "भारताचा कर्णधार कोणीही होऊ दे, आमचा कॅप्टन टीममध्ये आला," असं दुकानदार म्हणाले तेव्हा सगळे हसले.

इतका वेळ गप्प बसलेले एक वयस्कर गृहस्थ मग माझ्याकडे वळले आणि थेट मला विचारते झाले, "तुमच्या अमोल मुझुमदारचं काय चुकलं होतं?"

प्रश्न कानडी माणसाने विचारला होता. मी क्षणभर बघतच राहिलो. ते पुढे म्हणाले, "पहिल्याच रणजी सामन्यात दोनशे साठ. अकरा हजारांवर धावा. एकही कसोटी नाही. आम्ही इथे बसून त्याच्यासाठी भांडलो आहोत. हे तिघं साक्षीला आहेत." तिघांनीही माना डोलावल्या.

मुंबईत, ठाण्यात, पुण्यात अशा सभा मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. मुझुमदारसाठी भांडणारे आपल्याकडे शेकड्यांनी सापडतील. पण म्हैसूरच्या एखाद्या मुलासाठी दादरच्या कट्ट्यावर कोणी आवाज चढवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. का नाही? एक साधं कारण आहे. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षं रणजी करंडक मुंबईकडे होता. ज्याच्या घरी करंडक असतो, त्याला भारतीय संघात आपली चार-पाच माणसं असणं ही गुणवत्ता वाटते. बाहेरून बघणाऱ्याला तीच लॉबी दिसते.

म्हैसूरला काय दिसतं, ते जरा त्यांच्या बाजूने बघू या.

१९७३ सालापर्यंत कर्नाटक राज्याचंच नाव म्हैसूर होतं आणि त्यांचा रणजी संघही म्हैसूर या नावाने खेळत असे. नाव बदललं आणि पहिल्याच मोसमात, १९७३-७४ साली, एरापल्ली प्रसन्नाच्या संघाने बंगळुरूच्या उपांत्य सामन्यात मुंबईला पहिल्या डावाच्या आघाडीवर गाठलं. पंधरा वर्षांची साखळी तिथे तुटली आणि कर्नाटकने पहिल्यांदा करंडक उचलला. पुढे कर्नाटकने अनेक खेळाडू देशाला दिले. त्यात म्हैसूर शहराचा सर्वांत मोठा मुलगा जवागल श्रीनाथ.

श्रीनाथ म्हैसूरच्याच जयचामराजेंद्र कॉलेजात इंजिनिअरिंग शिकला. १९९१ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला तो पहिली कसोटी खेळला. त्या वेळी भारतात त्याच्याइतका वेगवान दुसरा गोलंदाज नव्हता. पण मायदेशातली पहिली कसोटी खेळायला त्याला नोव्हेंबर १९९४ उजाडावा लागला. वेस्ट इंडिजविरुद्धची ती कसोटी मुंबईत वानखेडे स्टेडियमवर झाली. मधली तीन वर्षं परदेशात दगडासारख्या खेळपट्ट्यांवर राबायचं आणि घरी आल्यावर पाहुण्यासारखं बाहेर बसायचं, असं त्याचं चाललं होतं. म्हैसूरचे लोक हे अजून विसरलेले नाहीत.

आता याची दुसरी बाजू. त्या काळात भारताने मायदेशात तीन फिरकी गोलंदाज खेळवले आणि सामने जिंकले. १९९३ साली इंग्लंडला आपण ३-० असं धुतलं. नवा चेंडू कपिल देव आणि मनोज प्रभाकर घेत. तिसऱ्या वेगवान गोलंदाजाला जागाच नव्हती. आणि ज्या फिरकी गोलंदाजाने ते सामने जिंकून दिले, तो अनिल कुंबळे बंगळुरूचा! म्हणजे म्हैसूरच्या मुलाची जागा मुंबईने खाल्ली नाही. ती त्याच्याच राज्यातल्या मित्राच्या मनगटाने खाल्ली. लॉबीचा सिद्धांत इथे लंगडा पडतो. पण अन्याय झाल्याची ठसठस काही त्यामुळे कमी होत नाही. बाहेर बसलेल्या माणसाची तीन वर्षं परत येत नाहीत.

दुसरी ठसठस जानेवारी २०१० ची. त्या वर्षी रणजीचा अंतिम सामना मुंबई आणि कर्नाटक यांच्यात खुद्द म्हैसूरला झाला. विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरातल्या गंगोत्री ग्लेड्स मैदानावर माणसं मावेनात. मुंबई २३३, कर्नाटक १३०. मुंबई दुसऱ्या डावात २३४. कर्नाटकला ३३८ धावा हव्या होत्या. मनीष पांडेने १४४ धावा फटकावल्या, गणेश सतीशने त्याला साथ दिली, दोघांनी २०९ धावांची भागी केली. करंडक जवळजवळ गावात आला होता. मग डाव कोसळला तो ३३१ वर थांबला. मुंबई सहा धावांनी जिंकली. दुसऱ्या डावात पाच बळी घेऊन कर्नाटकच्या तोंडचा घास काढून घेणारा गोलंदाज कोण होता? अजित आगरकर.

जुलै २०२३ मध्ये हेच आगरकर राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले. २०२५ च्या मे महिन्यात म्हैसूरचे लोक त्यांच्या प्रत्येक निर्णयाकडे भिंग लावून का बघत होते, ते आता कळेल. आणि गंमत अशी, की त्याच आगरकरांनी मुंबईचे दोन फलंदाज बाहेर ठेवून करुणला आत घेतलं. बंगळुरूच्याच कसोटीत ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध दीडशे धावा काढलेला सर्फराज घरी बसला. मुंबईचे कट्टे पेटले ते यावरून. एकाच निर्णयाने म्हैसूरला पेढे वाटले गेले आणि मुंबईत दात-ओठ खाल्ले गेले.

ही भांडणं आजची नाहीत, आणि आपल्या महाराष्ट्राला तर त्यांचा वारसाच आहे. त्यातली एक गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे आणि एक मान खाली घालून.

अभिमानाची गोष्ट पालवणकर बंधूंची. बाळू पालवणकर यांचा जन्म धारवाडचा, घराणं मूळचं कोकणातलं, समाज चर्मकार. पुण्याच्या जिमखान्यात मैदानाची कामं करता करता गोऱ्या साहेबांना चेंडू टाकून ते घडले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा त्यांनी दौऱ्यात ११४ बळी घेतले. एवढा मोठा गोलंदाज, पण हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी देण्यात आलं नाही. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. १९२० साली चौरंगी सामन्यांच्या वेळी त्यांचा भाऊ विठ्ठल याला डावलून कर्णधारपद दुसऱ्याला दिलं गेलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून माघार घेतली आणि त्याची कारणं जाहीरपणे मांडली. वर्तमानपत्रांतून वाद झडला. कर्णधार कोण असावा या प्रश्नातून मुंबईत माणसाच्या बरोबरीचाच प्रश्न उभा राहिला. अखेर १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवलं. क्रिकेटच्या गप्पा म्हणजे रिकामपणाचा उद्योग, असं कोणी म्हटलं तर त्याला हे साल सांगावं.

दुसरी गोष्ट अजित वाडेकरांची. १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी कर्णधार निवडताना समितीत समान मतं पडली आणि अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपलं निर्णायक मत वाडेकरांना दिलं. पतौडींचं कर्णधारपद गेलं. देशभर काहूर माजलं. मुंबईच्या अध्यक्षाने मुंबईचा माणूस बसवला, असंही बोललं गेलं. त्याच दौऱ्यात सुनील गावसकरने ७७४ धावा काढल्या, आपण वेस्ट इंडिजमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओव्हलवर इंग्लंडलाही नमवलं. वाडेकरांची मिरवणूक निघाली. इंदूरला विजयाचं स्मारक म्हणून सिमेंटची भली मोठी बॅट उभी राहिली.

तीन वर्षांनी, १९७४ साली, इंग्लंडमध्ये आपण तिन्ही कसोटी हरलो. लॉर्ड्सवर ४२ धावांत गारद झालो. ज्या लोकांनी हार घातले होते त्यांच्यातल्याच काहींनी वाडेकरांच्या घरावर दगड मारले. इंदूरची ती बॅट विद्रूप करण्यात आली. पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळलं गेलं आणि त्यांनी खेळणं थांबवलं. हे दगड म्हैसूरहून आले नव्हते. घरच्याच माणसांचे होते.

म्हणून वाटतं, की वाद घालणं वाईट नाही. वाद कशासाठी घालतो, यावर सगळं अवलंबून आहे. करुण नायरची गोष्ट या दृष्टीने नीट वाचण्यासारखी आहे, कारण तिच्यात आपण सगळेच कुठे ना कुठे आहोत.

डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईला इंग्लंडविरुद्ध करुणने नाबाद ३०३ धावा काढल्या. वीरेंद्र सेहवागनंतर कसोटीत त्रिशतक काढणारा तो दुसराच भारतीय. पुढची कसोटी फेब्रुवारीत हैदराबादला होती. तिथे करुण संघाबाहेर! दुखापतीतून बरा झालेला अजिंक्य रहाणे परत आला होता आणि त्याची जागा त्याला देण्यात आली. मुंबईच्या माणसासाठी कर्नाटकचा माणूस काढला, असं म्हैसूरला आजही ऐकू येतं. पण प्रशिक्षक होते कुंबळे, कर्नाटकचेच. आणि रहाणेची बाजूही लुळी नव्हती. आजारपणाची रजा संपवून कामावर आलेल्या माणसाला आपलं टेबल दुसऱ्याला दिलेलं दिसलं, तर तुम्ही काय म्हणाल? त्या दिवशी दोघंही बरोबर होते. जागा एकच होती. निवड म्हणतात ती हीच. चूक आणि बरोबर यांतून निवडायचं असतं तर ते काम शाळकरी पोरगाही करील.

पुढे ऑस्ट्रेलियाविरुद्ध मिळालेल्या तीन कसोटींत करुणच्या धावा झाल्या नाहीत. मार्च २०१७ नंतर तो कसोटी संघात दिसला नाही. २०१८ साली इंग्लंड दौऱ्यावर त्याला नेलं, पण सगळा वेळ तो बाकावर बसून होता. २०२२ च्या सुमारास तर कर्नाटकच्या संघातही त्याला जागा उरली नाही. त्याच वर्षी डिसेंबरात त्याने ट्विटरवर एक ओळ लिहिली. प्रिय क्रिकेट, मला आणखी एक संधी दे, एवढाच तिचा अर्थ. तिशी ओलांडलेला, त्रिशतक काढलेला माणूस अर्ज करत होता.

त्याचा अर्ज मंजूर कोणी केला? विदर्भाने. २०२३ पासून करुण विदर्भाकडून खेळू लागला. २०२४-२५ च्या विजय हजारे स्पर्धेत त्याने पाच शतकांसह ७७९ धावा काढल्या. अंतिम सामन्यात विदर्भाची गाठ पडली ती नेमकी कर्नाटकशी, आणि कर्नाटक जिंकलं. पण त्याच मोसमात नागपूरला विदर्भाने केरळवर पहिल्या डावाची आघाडी घेऊन रणजी करंडक मिळवला. त्या सामन्यात करुणच्या धावा होत्या ८६ आणि १३५, आणि मोसमातल्या ८६३. कर्नाटकच्या मुलाला मराठी मुलखाने आसरा दिला आणि तिथून तो पुन्हा देशाच्या संघात गेला. आपलं-परकं करणाऱ्यांनी या गोष्टीवर जरा थांबून विचार करावा.

पण नशीब एवढं सरळ नसतं. जून २०२५ मध्ये लीड्सला आठ वर्षांनी फलंदाजीला आलेला करुण शून्यावर बाद झाला. मग २०, ३१, २६, ४०, १४. दर वेळी जम बसतोय असं वाटायचं आणि तो जायचा. चौथ्या कसोटीत त्याला वगळलं. आता मुंबईच्या कट्ट्यांवर हशा पिकला, 'यापेक्षा सर्फराज काय वाईट होता?' पाचवी कसोटी ओव्हलवर. खेळपट्टी हिरवी. भारताचा डाव २२४ वर आटोपला. त्यात सर्वाधिक धावा करुणच्या, ५७.

त्या डावात आणखी एक घटना घडली. करुणने मारलेला चेंडू अडवताना इंग्लंडचा क्रिस वोक्स सीमारेषेजवळ पडला आणि त्याचा खांदा निखळला. करुण आणि वॉशिंग्टन सुंदर यांनी तीन धावा पळून काढल्या होत्या. चौथी सहज निघाली असती. वोक्स कळवळतोय हे पाहून करुणने ती घेतली नाही. ज्या माणसाला एकेका धावेवर आपली जागा वाचवायची होती, त्याने ती धाव सोडून दिली.

तो सामना भारताने किती धावांनी जिंकला, आठवतंय? सहा. शेवटच्या सकाळी मोहम्मद सिराजने गस अ‍ॅटकिन्सनचा त्रिफळा उडवला, समोरच्या टोकाला वोक्स हात झोळीत घालून उभा होता. कर्नाटकच्या प्रसिद्ध कृष्णाने दोन्ही डावांत चार-चार बळी घेतले. मालिका २-२ अशी सुटली. ज्याच्या कर्णधारपदावरून एवढी खळखळ झाली होती, त्या गिलने ७५४ धावा केल्या. गावसकरांच्या १९७१ च्या ७७४ धावांपासून फक्त वीस धावा दूर. ज्याला कर्णधार केलं नाही त्या राहुलने कुरकुर न करता ५३२ काढल्या.

म्हैसूरला कर्नाटक सहा धावांनी हरलं होतं, ओव्हलवर भारत सहा धावांनी जिंकला. एवढ्या बारीक फरकाने निकाल लागतो तेव्हा संघातल्या प्रत्येक माणसाचं पान सार्थकी लागलेलं असतं. करुणच्या ५७ नसत्या तर? सर्फराज असता तर त्याने ८० काढल्या असत्या? शून्य काढलं असतं? या प्रश्नांना उत्तर नाही. निवड करणाऱ्याला मात्र उत्तर आधी द्यावं लागतं, आणि आपण सगळे ते नंतर देतो.

तेव्हा पुढच्या मालिकेआधी आपल्या निवड समितीची सभा भरेल, ती जरूर भरू द्या. फक्त तिला चार नियम असावेत. पहिला, 'अमक्याला घ्या' एवढं म्हणून भागणार नाही. कोणाच्या जागी, तेही सांगायचं. ते सांगताना जीभ अडखळते, आणि तिथेच निम्मा वाद शहाणा होतो. दुसरा, मत मालिकेआधी द्यायचं आणि निकालानंतर तेच कायम ठेवायचं. हरल्यावर 'मी म्हटलंच होतं' म्हणणाऱ्याची कॉफी बंद. तिसरा, वाद मैदानापुरता. खेळाडूच्या घरावर दगड नाही, आणि हल्ली दगडाची जागा घेतलेल्या मोबाइलवरच्या शिव्याही नाहीत. त्याच्या घरात म्हातारे आई-वडील असतात, शाळेत जाणारी पोरं असतात.

चौथा नियम म्हैसूरच्या त्या वयस्कर गृहस्थांचा. प्रत्येक सभासदाने आपल्या गावाबाहेरच्या निदान एका खेळाडूसाठी भांडलं पाहिजे. ज्याची भाषा आपल्याला येत नाही, ज्याच्या यशाची बातमी आपल्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर येते, अशा एकासाठी. ते जमलं तर आपली पोटतिडीक न्यायाची आहे, असं म्हणता येईल. नाही जमलं तर ती फक्त वर्गणी आहे, आपल्या आळीच्या गणपतीची.

सप्टेंबर २०२५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धचा संघ जाहीर झाला, त्यात करुण नव्हता. त्याच्याकडून जास्त अपेक्षा होती, असं आगरकरांनी सांगितलं. कर्नाटकचाच देवदत्त पडिक्कल मात्र त्या संघात होता. आणि २ नोव्हेंबर रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचे प्रशिक्षक म्हणून मैदानाच्या कडेला उभे होते अमोल मुझुमदार. ज्यांना कधी भारताची कसोटी टोपी मिळाली नाही, ते. त्या रात्री दादरला जल्लोष झालाच असेल. म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्येही कोणी तरी समाधानाने कॉफीचा पेला खाली ठेवला असेल, असं मला खात्रीने वाटतं.